हातगुण

वजन आठशे सत्तर ग्रॅम.
वायदोतास बेकरीत आहे, नेमुनासच्या पलीकडे.
राईचा काळा पाव नऊशेचा लागतो, तो म्हणाला,
तीस ग्रॅम कमी भरला तर बाजूला काढतात.
एवढं बोलून काचेकडे बघत राहिला.
मी आकडा वहीत लिहिला.

बाराव्या रात्री पोरीचा रंग बदलला.
काही फार नाही. चुलीतली राख सकाळी दिसते, तसा.
श्वास घ्यायला विसरली, टिचकी मारली, आठवला.
परत विसरली.
तिच्या अंगात सगळं मिळून रक्त पाच मोठे चमचे,
त्यातलं अर्धा मिली मी काढून घेतलं
आणि बाटली खाली प्रयोगशाळेत पाठवली.

फोन दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी.
घोस आहेत, पलीकडची बाई म्हणाली,
भिंगाखाली द्राक्षांसारखे.
आमच्या काउनासला द्राक्षं धड येत नाहीत,
वेल थंडीनं जातात.
हे मात्र येतात. बाराही महिने.
कुणाच्याही कातडीवर, नाकात, नखाच्या कडेला
बिनभाड्याने राहतात, कुणाचं वाईट करत नाहीत.
फक्त दार दिसलं की आत जातात,
आणि दार आम्हीच केलेलं असतं:
केसाएवढी नळी, तिच्या काखेतून हृदयापर्यंत.

नळी काढली. व्हँकोमायसिन सुरू केलं.

चार नंबरच्या पेटीत स्ताकेनासांचा मुलगा होता,
सातशे चाळीस. त्यालाही तेच निघालं,
तेच औषध, तोच डॉक्टर, तीच मी.
मंगळवारी पहाटे गेला.
त्याच्या आईच्या दुधाच्या अकरा बाटल्या फ्रीजरमध्ये आहेत,
तारखेसह, तिच्या अक्षरात.
फेकायचं कुणी सांगत नाही.
मी फ्रीजर उघडते, दुसरं काही घेते, बंद करते.

मग माज्विदासनी आम्हा सगळ्यांच्या नाकात
कापसाची काडी फिरवली.
अकराजणींत दोघी निघाल्या.
पाकीट हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
म्हणाले, तीन माणसांत एकाच्या नाकात असतोच, एल्विरा,
याचा अर्थ काही होत नाही.
पाच दिवस मलम लाव.

अर्थ होत नाही.
मी कोपरापर्यंत हात धुते.
बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट, पुन्हा बोटं,
पाण्याखाली धरून मोजते.
माझी आई दाई होती, शेजारणी म्हणायच्या,
हिच्या हाताला गुण आहे.
कुठला गुण, हे तेव्हा कुणी विचारत नसे.

पोरगी राहिली.
का राहिली ते मला माहीत नाही
आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं
त्यांच्या शेजारी मी जेवायला बसत नाही.
गिन्तविले तिला उघड्या छातीवर घेऊन
तासन्‌तास खुर्चीत टेकून राही,
पायात दोन दोन मोजे, बाहेर नदीवर बर्फ फुटायचा आवाज.
एकदा तिनं विचारलं, हे आलं कुठून?
मी म्हणाले, अशा मुलांना होतं.
खोटं नव्हतं.
उरलेलं वाक्य तोंडात आलं होतं, मलमाच्या वासासकट.

मे महिन्यात घरी गेली. दोन हजार शंभर.
वायदोतासनं कागदात गुंडाळून पाव आणला,
म्हणाला, हा कमी भरलेला आहे,
मालकाला दाखवला नाही.

घरी आल्यावर मी सुरी काढली नाही.
हातानंच तोडला, हातमोज्याशिवाय.
थोडा गरम होता अजून.
दुसरा तुकडा तोडण्याआधी
उठून हात धुतले,
आणि नळ उघडाच ठेवून किती वेळ उभी होते
ते मोजलं नाही.